ओमाहा किनाऱ्यावरचे पाण्यातले अडथळे कसे काढले? मॉडेलसाठी मापं आणि क्रम हवा आहे

मिरज_एनसीसी_मॅडम

नमस्कार मंडळी. आमच्या शाळेतली एनसीसीची मुलं ६ जून १९४४ च्या ओमाहा किनाऱ्याचं मॉडेल करताहेत, म्हणजे फ्रान्समधल्या नॉर्मंडीत जर्मनांविरुद्ध अमेरिकन सैन्य समुद्रातून उतरलं तो किनारा. टेबल ६ बाय ४ फुटांचं आहे. बोटी, रणगाडे, टेकडीवरचे बंकर यांची मापं मिळाली. गाडी अडलीय ती वाळूत रोवलेल्या अडथळ्यांपाशी. फोटोत लोखंडी काटे दिसतात, पण कुठला अडथळा पुढं, कुठला मागं, पाण्यापासून किती लांब, याचा पत्ता लागत नाही.

मुलांचे प्रश्नही रास्त आहेत. मागं एवढ्या युद्धनौका उभ्या असताना तोफांनीच हे अडथळे का उडवले नाहीत? भरतीला बोट थेट वरपर्यंत का आणली नाही? अडथळ्यांतून बोटींसाठी सोळा वाटा करायच्या ठरल्या आणि पाचच झाल्या असं वाचलं, ते कशामुळं? आणि लढाई पुढं सरकल्यावर उरलेलं हजारो नग लोखंड उचललं कुणी? आपल्याकडं समुद्र नाही, त्यामुळं भरती-ओहोटीचा हिशेब मुलांच्या डोक्यात बसत नाही. तो जरा उलगडून सांगा.

वाईचा_वाचक

मॅडम, सगळं पाण्यापासून सुरू करा. अडथळे, वेळ, स्फोटकं, सगळ्याचं उत्तर तिथं आहे.

नॉर्मंडीच्या त्या भागात ओहोटी आणि भरती यांत पाण्याच्या उंचीचा फरक सहा मीटरच्या आसपास पडतो, म्हणजे दुमजली घराएवढा. वाळू मात्र अगदी सपाट. पूर्ण ओहोटीला सुमारे २७० मीटर वाळू उघडी पडते, म्हणजे उतार धरा साधारण ४५ ला १. त्यामुळं उभं पाणी एक फूट चढलं की ४५ फूट वाळू बुडते. त्या सकाळी ओहोटीचा तळ ५:२५ च्या सुमारास होता. पहिली तुकडी ६:३० ला उतरली आणि त्यानंतर पाणी दर आठेक मिनिटांना फूटभर चढत गेलं. मुलांना आयर्विन पुलाचं उदाहरण द्या. पुरात पुलाखाली फूटभर पाणी वाढायला तास लागतात, तरी अख्खी सांगली पट्टीकडं डोळे लावून बसते. ओमाहाला तेवढं पाणी चहाचा कप संपेपर्यंत चढत होतं, आणि त्याच पाण्यात उभं राहून माणसं खांबाला स्फोटकं बांधत होती.

आता भरतीला का आले नाहीत ते. किनाऱ्याच्या बचावाचा जर्मन सेनापती रोमेल याचा अंदाज तोच होता, की शत्रू भरतीला येईल, म्हणजे सैनिकांना उघड्या वाळूवरून कमीत कमी पळावं लागेल. म्हणून त्यानं अडथळे अशा बेतानं रोवले की भरतीत ते पाण्याखाली दडावेत आणि बोटीचं बूड फाडावं. दोस्त राष्ट्रांनी उलटा विचार केला. ओहोटीनंतर थोड्या वेळानं, चढत्या पाण्यावर उतरायचं. अडथळे उघडे दिसतात, इंजिनिअरांना कोरड्या वाळूवर काम करता येतं, आणि बोट टेकली तरी काही मिनिटांत पाणी चढून ती आपोआप मोकळी होते. उतरत्या पाण्यावर आले असते तर टेकलेली बोट पुढची भरती येईपर्यंत तिथंच अडकून तोफांचं लक्ष्य झाली असती. याची किंमत म्हणजे पायदळाला सव्वादोनशे मीटरच्या आसपास उघडी वाळू मशीनगनच्या माऱ्यात पार करावी लागली.

मांडणी समुद्राकडून जमिनीकडं अशी धरा. सगळ्यांत बाहेर, भरतीच्या रेषेपासून सुमारे २३० मीटरवर, लोखंडी गेटांची तुटक रांग. तिला बेल्जियन गेट म्हणतात. मूळ फ्रेंच अधिकारी कोइंते याच्या नावाचा हा रणगाडा अडवायचा सांगाडा. बेल्जियमनं आपल्या बचावाच्या रेषेसाठी ते बनवून घेतले होते, जर्मनांनी उचलून किनाऱ्यावर आणले. त्यांच्या आत लाकडी खांब, समुद्राकडं तिरपे रोवलेले, आणि लाकडी रँप, म्हणजे बोट वर चढून उलटावी असे तिरपे ओंडके. सगळ्यांत आत, सुमारे १२० मीटरवर, हेजहॉग, म्हणजे तुमच्या फोटोतले लोखंडी काटे. ओमाहावर सगळे मिळून ३,७०० च्या आसपास अडथळे होते: २,००० खांब, १,०५० हेजहॉग, ४५० रँप आणि २०० गेट. खांबांच्या आणि रँपांच्या टोकावर बऱ्याच ठिकाणी टेलर नावाचे जर्मन सुरुंग बांधलेले. त्या एका सुरुंगात साडेपाच किलो स्फोटक. पायदळाच्या हिगिन्स बोटीचं अंग प्लायवूडचं असतं, तिला तेवढं पुरे.

आणि एक, खांब घणानं ठोकलेले नव्हते. पंपाच्या पाण्याचा जोर वाळूत सोडायचा, वाळू सैल होते, खांब आत सरकतो, पाणी बंद केलं की वाळू त्याला घट्ट धरते. म्हणूनच थोड्या महिन्यांत एवढे खांब उभे राहिले.

विटा_फॅब्रिकेशन

हेजहॉगबद्दल मी सांगतो, कारण मॉडेलमध्ये हाच सगळ्यात जास्त चुकतो.

लोकं दोन अँगल फुलीसारखे जोडून तिसरा कसाही लावतात. हेजहॉगमध्ये तीन जाड अँगल असतात आणि तिन्ही मधोमध एकमेकांना काटकोनात छेदतात. सांध्यावर गसेट प्लेट (जोडपट्टी) आणि रिव्हेट किंवा बोल्ट. उभी उंची दीड मीटरच्या आसपास, वजन दोनशे किलोच्या घरात. काटकोन बरोबर आला की तो कसाही टाका, तीन पायांवरच उभा राहतो. हीच त्याची करामत. डोझरनं ढकलला तर आडवा पडत नाही, गडगडतो आणि परत उभा राहतो. रणगाडा किंवा बोट वर चढली की खालून टोक रुततं.

तोडायचा कुठं, हे त्यावरूनच ठरतं. पाय तोडून उपयोग नाही, एक पाय तुटला तरी उरलेलं धूड तसंच टोकदार. घाव मधल्या सांध्यावरच बसला पाहिजे. तिथं प्लेटा फाटल्या की तीन सुटे अँगल वाळूवर पडतात.

गेटचं गणित वेगळं. तीन मीटर रुंद, अडीच मीटरच्या आसपास उंच, वजन सव्वा टनाच्या पुढं. पुढून जाळीसारखी चौकट, मागून तिरपे टेके, खाली रूळ. याच्याखाली मोठा बार लावून उडवायचा म्हटलं तर चौकट वाकडीतिकडी पिळते आणि आधीपेक्षा वाईट अडथळा तयार होतो. शिवाय लोखंडाचे तुकडे शंभर-शंभर मीटर उडतात आणि आजूबाजूला आपलीच माणसं असतात. म्हणून प्रत्येक मोक्याच्या सांध्यावर छोटा छोटा बार एकाच क्षणी उडवायचा, म्हणजे गेट जागच्या जागी पत्त्याच्या घरासारखं खाली बसतं आणि बोट त्याच्यावरून जाते.

यासाठी अमेरिकन नौदलातल्या कार्ल हेगेनसन या लेफ्टनंटनं पिशवी काढली. कॅनव्हासची लांबट पिशवी, आत दोन पौंड मऊ सी-२ स्फोटक, एका टोकाला दोरी, दुसऱ्या टोकाला हूक. अँगलभोवती गुंडाळायची, दोरी हुकात अडकवायची, संपलं. थंडीनं बधिर झालेल्या ओल्या हातांनीही जमतं. मऊ असल्यामुळं ती लोखंडाला चिकटून बसते. विहिरीच्या सुरुंगात बार भोकात ठासलेला असतो, त्याचा जोर कोंडला जातो. इथं सगळं उघड्यावर, त्यामुळं मधे बोटभर फट राहिली तरी निम्मा जोर हवेत जातो. एका गेटला १६ पिशव्या लागत, म्हणजे ३२ पौंड. एका माणसाच्या अंगावर साधारण ४० पौंड माल. म्हणजे एक गेट झालं की त्याची पाठ जवळजवळ रिकामी. वाळूवर स्फोटकांनी भरलेल्या रबरी होड्या का ओढत आणल्या होत्या ते यावरून कळेल.

लाकडी खांबाला पिशवी बुडाशी बांधायची. वर बांधली तर खाली टोकदार खुंट राहतो आणि पाणी चढल्यावर तोच बोटीच्या बुडात घुसतो. आणि वरचा सुरुंग त्याच बारात उडाला पाहिजे. नाहीतर तो जिवंत राहून वाळूत पडतो आणि मग कुणाच्या पायाखाली येईल सांगता येत नाही.

कराड_सॅपर

मुलांच्या तोफांच्या प्रश्नाचं उत्तर आधी. नौदलाचा गोळा फुटतो तो वाळूत, आणि मोठा खड्डा करतो. हेजहॉग किंवा गेट म्हणजे उघडा सांगाडा, स्फोटाची लाट त्याच्या फटींतून निघून जाते. थेट आदळला तरच मोडतो, आणि दीड मीटरच्या काट्यावर थेट गोळा बसणं ही नशिबाची गोष्ट. खड्डे मात्र पाण्यानं भरतात आणि वर दिसत नाहीत. पाठीवर ओझं घेतलेला सैनिक त्यात बुडतो, जीप नाकावर पडते. विमानांचं म्हणाल तर ओमाहावर ढग होते. खालच्या आपल्या बोटींवर बाँब पडू नयेत म्हणून लिबरेटर या बाँबफेकी विमानांनी काही सेकंद उशिरा बाँब सोडले, ते किनारा ओलांडून आत शेतांत पडले. म्हणून अडथळे हातानंच काढायचे हे आधीपासून ठरलेलं होतं.

योजना अशी होती. १६ वाटा, प्रत्येक ५० यार्ड रुंद. प्रत्येक वाटेला एक टोळी, तिच्यात नौदलाच्या पाडकाम पथकाचे १३ आणि सैन्याच्या १४६ आणि २९९ या इंजिनिअर बटालियनांचे २६ च्या आसपास जवान. समुद्राकडचे अडथळे नौदलाकडं, जमिनीकडचे सैन्याकडं. पायदळापाठोपाठ तीन मिनिटांत उतरायचं आणि अर्ध्या तासात वाट मोकळी करायची. नौदलाच्या पथकांचं प्रशिक्षण फ्लोरिडात फोर्ट पियर्सला झालं होतं, ती शाळा ड्रेपर कॉफमन यानं १९४३ मध्ये उभी केली.

कामाचा क्रम मुलांना टेबलावर दाखवता येईल. एक गडी पिशव्या वाहतो, दोघं-तिघं पळत पळत एकेका अडथळ्याला बांधत जातात. त्यांच्यामागून एकजण स्फोटक दोराचं भेंडोळं सोडत सगळ्या पिशव्या एकाच गोल फेऱ्यात जोडतो. फेरा गोल ठेवायचा, कारण एके ठिकाणी तुटला तरी दुसऱ्या बाजूनं स्फोट पोचतो. दोन वेगळ्या जागी वात आणि डिटोनेटर लावायचे, एक फसला तर दुसरा. सगळं जुळलं की जांभळा धूर सोडायचा: आता उडतंय, पळा. मग बार. मग डोझर पुढं येऊन तुकडे बाजूला ढकलतो, आणि वाटेच्या दोन्ही कडांना बोये (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा) आणि निशाणं लावली जातात.

यातलं काय काय बिघडलं ते बघा. किनाऱ्याला समांतर पाण्याचा प्रवाह पूर्वेकडं जोरात होता, बऱ्याच टोळ्या ठरल्या जागेपासून लांब लागल्या. काही टोळ्या पायदळाच्या आधीच उतरल्या, समोर कव्हर द्यायला कुणी नाही. तोफगोळ्यांचे तुकडे दोर तोडत होते, एकदा बांधलेलं परत बांधावं लागे. स्फोटकांनी भरलेल्या रबरी होडीवर गोळा पडला की आसपासची माणसं जागेवर संपत. १६ डोझरांपैकी सहाच चालत्या स्थितीत वाळूवर पोचले, त्यातले तीन लगेच तोफेनं निकामी केले.

आणि सगळ्यात जीवघेणी अडचण म्हणजे आपलंच पायदळ. उघड्या वाळूवर आडोसा म्हणून काय होतं? तेच अडथळे. घाबरलेले, जखमी झालेले सैनिक हेजहॉगमागं आणि खांबामागं पडून राहिले. बार लावून तयार, धूर सोडला, पण बाजूला पडलेला माणूस हलत नाही, हलू शकत नाही. त्याला ओढून काढायचं की दुसऱ्या अडथळ्याकडं वळायचं? तोवर पाणी गुडघ्यावर आलेलं असे.

पूर्ण झालेल्या वाटा पाच हे खरं, पण त्याशिवाय तीन अर्धवट झाल्या होत्या. आठाच्या सुमारास उरलेले अडथळे पाण्याखाली गेले आणि काम थांबलं. ओमाहावरच्या नौदलाच्या १७५ जणांपैकी ३१ ठार आणि ६० जखमी झाले, म्हणजे शंभरातले बावन्न.

झालेल्या वाटाही पुऱ्या वापरता आल्या नाहीत. खुणेचे बोये आणि निशाणं उतरतानाच पाण्यात गेली होती. वाट मोकळी, पण समुद्रावरच्या कोक्सवेनला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, ती दिसत नाही. सगळ्या बोटी एक-दोन दिसणाऱ्या वाटांवर गर्दी करायला लागल्या. साडेआठच्या सुमारास वाहनं उतरवणं थांबवावं लागलं. मुलांना एवढी एक गोष्ट जरूर सांगा, की वाट करणं हे निम्मं काम आणि ती बोटवाल्याला दिसेल असं करणं हे दुसरं निम्मं. दोन निशाणं कमी पडल्यानं अख्खी बटालियन चुकीच्या जागी उतरू शकते.

तासगाव_इतिहास

सॅपर सरांच्या माहितीत थोडी भर. साडेदहाच्या सुमारास एलसीटी ३० (रणगाडे उतरवणारी) आणि एलसीआय ५४४ (पायदळ उतरवणारी) या दोन बोटींनी वाट शोधणं सोडलं आणि अडथळ्यांतूनच सरळ घुसल्या, तोफा डागत डागत. त्या वर लागल्यावर बाकीच्यांनाही हिंमत आली. जोखीम मोठी होती, पण त्या वेळी समुद्रावर नुसतं घिरट्या घालत राहणं जास्त महाग पडत होतं.

एक शंका विचारतो. ब्रिटिशांकडं साखळ्या आपटत सुरुंग फोडणारे क्रॅब रणगाडे होते. ते अमेरिकनांनी घेतले असते तर ओमाहाच्या वाटा झाल्या असत्या, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. तुमचं मत काय?

कराड_सॅपर

तासगावकर, दोन वेगळ्या कामांची गल्लत होते तिथं. क्रॅबच्या पुढच्या फिरत्या ड्रमला ४३ साखळ्या असतात आणि तो जमिनीत पुरलेले सुरुंग फोडतो. आपटत असताना वेग ताशी दोन किलोमीटरच्या आसपास. वाळूच्या वरच्या पट्ट्यात, रस्त्याकडं जायच्या वाटेवर, त्याला तोड नाही. पण पाण्यातल्या खांबाच्या टोकावर बांधलेला सुरुंग, गेट किंवा हेजहॉग, यांचं त्याला काही करता येत नाही. ब्रिटिश-कॅनेडियन किनाऱ्यांवर पाण्यातले अडथळे काढायला नौदलाची वेगळी पथकं होती, बाराबारा जणांची, आणि सोबत रॉयल इंजिनिअर्स. त्यांनाही तोच त्रास झाला. वायव्येकडच्या वाऱ्यानं पाणी अंदाजापेक्षा लवकर आणि जास्त वर ढकललं, बरेच अडथळे काम सुरू व्हायच्या आत बुडाले. जूनो किनाऱ्यावर ३०६ पैकी ९० बोटी बुडाल्या किंवा मोडल्या.

क्रॅबसारखे खास कामाचे रणगाडे ब्रिटिश जनरल हॉबर्टच्या हाताखाली होते. त्यांचा खरा फायदा वाळू ओलांडल्यावर होता: बंकर फोडायला पेटार्ड ही आखूड तोफ, खंदक भरायला लाकडाच्या मोळ्या, मऊ जागेवर अंथरायला कापडाची गुंडाळी. ओमाहालाही चिलखती डोझर जास्त पोचले असते तर फरक पडला असता, हे माझं मत. भरती मात्र कुणासाठी थांबली नसती.

उलट उदाहरण म्हणून यूटा बघा, अमेरिकनांचा दुसरा किनारा. प्रवाहानं सगळे ठरल्यापेक्षा सुमारे दोन किलोमीटर दक्षिणेला उतरले. तिथं अडथळे विरळ आणि मारा कमी. अशाच टोळ्या, ह्याच पिशव्या, आणि साडेनऊच्या सुमारास किनारा मोकळा. म्हणजे पद्धत बरोबर होती. ओमाहाला माऱ्यात तेवढा वेळ मिळाला नाही.

मिरज_एनसीसी_मॅडम

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलांनी कालच हेजहॉग करायला घेतला आणि विटा दादा म्हणाले तीच चूक केली होती, आता काटकोन जमलाय.

दोन गोष्टी राहिल्या. १:७२ च्या मापानं करायला घेतलं तर टेबल पुरत नाहीये, काय करावं? आणि लढाईनंतर साफसफाई कशी झाली, तो प्रश्न राहिला.

विटा_फॅब्रिकेशन

१:७२ सोडा मॅडम. त्या मापात २७० मीटर वाळू पावणेचार मीटर होते, वर्गाच्या भिंतीपर्यंत जाईल. १:३०० घ्या. वाळू बरोबर ९० सेंटिमीटर, ४ फुटी टेबलावर मागं टेकडीला आणि पुढं समुद्राला मिळून ३० सेंटिमीटर उरतात. भरतीच्या रेषेपासून गेटांची रांग ७६ सेंटिमीटरवर, हेजहॉग ४० सेंटिमीटरवर, खांब आणि रँप मधे. ५० यार्डांची वाट १५ सेंटिमीटर रुंद. हिगिन्स बोट ३६ फुटी, ती येते साडेतीन सेंटिमीटरच्या जरा पुढं.

टेबलाच्या ६ फुटांत साडेपाचशे मीटर किनारा बसतो. ३,७०० अडथळे सहा-साडेसहा किलोमीटरवर सारखे वाटले तर तुमच्या वाट्याला तीनशेच्या आसपास येतात: १७ गेट, ९० हेजहॉग, ४० रँप, १७० खांब. १६ वाटा त्याच लांबीत, म्हणजे दर चारशे मीटरला एक. टेबलावर एक पूर्ण वाट करा आणि कडेला दुसरीची अर्धवट बाजू दाखवा.

हेजहॉग ५ मिलिमीटरचा होतो, त्याला स्टेपलरच्या पिनांचे तुकडे चालतील, तीन तुकडे फेविक्विकनं जोडायचे. गेटला मच्छरदाणीची जाळी, १० मिलिमीटर रुंद, ८ उंच, मागं पिनेचा टेका. खांबांना खराट्याची काडी, समुद्राकडं झुकलेली. रंग गंजाचा द्या, नवा काळा नको. महिनोन्महिने खारं पाणी लागलेलं लोखंड आहे ते.

पाणी दाखवायला जाड पारदर्शक प्लास्टिकचे तीन-चार तुकडे कापा. साडेसहाची कड गेटांपाशी. पुढच्या दर अर्ध्या तासाला कड १७ सेंटिमीटर आत सरकवा. मुलं एकेक तुकडा ठेवत गेली की बघणाऱ्याला शब्द न बोलता कळतं, की साडेसातच्या सुमारास पाणी हेजहॉगपर्यंत येतं आणि आठाला सगळं संपतं.

कृष्णाकाठ_सांगली

मॅडम, साफसफाईबद्दल सांगतो. खरं तर यावर कुणी फारसं लिहीत नाही, आणि माझ्या मते तोच भाग मुलांनी शिकण्यासारखा आहे.

पहिली संधी त्याच दिवशी संध्याकाळच्या ओहोटीला आली. मारा कमी झाला होता, इंजिनिअर परत वाळूवर उतरले आणि रात्र पडेपर्यंत ओमाहावरचे सुमारे एक तृतीयांश अडथळे निघाले. त्यानंतर दर ओहोटीला तोच क्रम. शांतपणे काम करता आलं की स्फोटकं कमी लागतात. सुरुंग आधी बघायचा आणि काढायचा, मग साखळी बांधून डोझरनं अख्खा नग ओढून भरतीच्या रेषेवर रचायचा. घाई नसेल तर ओढणं कधीही बरं, कारण उडवलेल्या लोखंडाचे तुकडे वाळूत राहतात आणि ट्रकचे टायर फाडतात.

अडथळे म्हणजे फक्त जर्मनांचे नव्हेत. बुडालेले रणगाडे, जळालेले ट्रक, उलटलेल्या बोटी, सगळंच वाटेत. वरून १९ ते २२ जूनच्या वादळानं ओमाहाचं कृत्रिम बंदर मोडलं आणि सगळ्या किनाऱ्यांवर मिळून सुमारे ८०० बोटी वाळूवर फेकल्या. म्हणजे साफसफाई परत सुरू.

रचून ठेवलेल्या हेजहॉगचं पुढं जे झालं ते तुमच्या मॉडेलच्या कोपऱ्यात दाखवाच. किनाऱ्यामागं नॉर्मंडीत शेतांना मातीचे उंच बांध आणि त्यावर दाट झाडी, रणगाडा त्यावर चढला की त्याचं पातळ पोट उघडं पडायचं. कर्टिस कुलिन या सार्जंटनं रणगाड्याच्या पुढं लोखंडी दात बसवले, बांधात घुसून तो फोडणारे. लोखंड कुठलं? किनाऱ्यावरच्या त्याच जर्मन हेजहॉगांचं. २५ जुलैला नॉर्मंडीतून बाहेर पडायची कोब्रा मोहीम सुरू झाली तोवर अमेरिकन फर्स्ट आर्मीच्या दर पाचातल्या तीन रणगाड्यांना असे दात लागले होते.

सुरुंगांचं काम मात्र वर्षानुवर्षं चाललं. वाळूत सगळीकडं गोळ्यांचे तुकडे पडलेले, त्यामुळं धातू शोधणारं यंत्र सारखंच वाजतं. आणि शू-सुरुंग या जर्मन सुरुंगाची पेटी लाकडी, तिथं यंत्र गप्प बसतं. शेवटी पालथं झोपून संगीन तिरपी, अलगद खुपसत एकेक वीत जमीन तपासायची. सरळ खुपसली तर टोक सुरुंगाच्या माथ्यावर बसतं, तिरपी असली तर बाजूला लागतं. फ्रान्समध्ये हे काम रेमंड ओब्राक यांच्या देखरेखीखाली झालं, त्यात जर्मन युद्धकैद्यांना मोठ्या संख्येनं लावलं. शेकडो माणसं युद्ध संपल्यानंतर मेली. कैद्यांना अशा कामाला लावणं योग्य होतं का, यावर तेव्हाही वाद झाला. माझ्या मते ते अयोग्यच होतं, आणि मुलांपुढं तसं बोलायला हरकत नाही.

वाईचा_वाचक

प्रदर्शनात आपल्याकडचा धागा जोडायचा असेल तर तीन गोष्टी पक्क्या आहेत.

ओमाहावर काटेरी तारा फोडायला वापरलेली लांब नळी म्हणजे बंगलोर टॉर्पेडो. मद्रास सॅपर्सच्या मॅक्लिंटॉक या कॅप्टननं ती १९१२ मध्ये बंगळुरूत तयार केली. पाच-पाच फुटांचे नळीचे तुकडे एकमेकांत अडकवत तारांखालून सरकवायचे आणि मागून बार द्यायचा. माणसाला तारांपाशी जावं लागत नाही.

दुसरं, आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे प्रेमिंद्रसिंग भगत. १९४१ च्या सुरुवातीला, इथिओपियाच्या मोहिमेत, चार दिवस न थांबता ५५ मैलांच्या रस्त्यावरची १५ सुरुंगक्षेत्रं त्यांनी साफ केली. दोनदा त्यांची गाडी सुरुंगावर उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी काम सोडलं नाही. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. साताऱ्या-सांगलीची मुलं खडकीला भरतीला जातात, त्यांना हे नाव माहीत असायलाच हवं.

तिसरं, मलायातला मोरिब किनारा, ९ सप्टेंबर १९४५. जपाननं शरणागती पत्करली होती, समोरून गोळी नाही, पाण्यात लोखंडी काटे नाहीत. उतरणाऱ्या सैन्यात आपल्या भारतीय डिव्हिजन होत्या. तरी वाहनांच्या वाहनं रुतली, कारण वाळूच्या पातळ थराखाली मऊ चिखल होता. पावसाळ्यात काळ्या रानात ट्रॅक्टर घातलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. नॉर्मंडीत हे टळलं, कारण १९४३ च्या शेवटच्या रात्री ब्रिटिश सैन्यातले दोघं, स्कॉट-बाउडन आणि ओग्डेन-स्मिथ, अंधारात पोहत जाऊन पुढं गोल्ड म्हणून ओळखल्या गेलेल्या किनाऱ्याच्या वाळूचे नमुने घेऊन आले होते. मऊ जागा आधी कळल्या, म्हणून कापडाची गुंडाळी अंथरणारे रणगाडे तयार झाले.

मिरज_एनसीसी_मॅडम

वाईकर सर, मोरिब आणि भगत यांचा वेगळा तक्ता लावतोय. मुलं १:३०० ला तयार झाली, पाण्याचे तुकडे कापायला घेतलेत.

शेवटचं एक. जांभळा धूर दाखवायला कापूस रंगवला, पण तो वाटेच्या कुठल्या टोकाला ठेवायचा? समुद्राकडं की जमिनीकडं?

कराड_सॅपर

वाटेच्या मधे ठेवा, बार जोडलेल्या अडथळ्यांच्या जवळ, आणि पूर्वेकडं थोडा झुकलेला, कारण वारा वायव्येचा होता. धुराखाली एकही माणूस उभा ठेवू नका. माणसं वाटेच्या दोन्ही बाजूंना, डोकं वाळूत खुपसून, आडवी. एका हेजहॉगमागं मात्र एक आकृती पडलेली ठेवा, आणि तिला ओढून नेणारा एक इंजिनिअर. पाण्याचा साडेसातचा तुकडा लावला की तो त्या दोघांच्या जवळ येईल.